सायनस भरलाय की छाती? पावसातल्या सर्दी-खोकल्याचं टप्प्याटप्प्याने काय करायचं

कोकणात एकदा पाऊस लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोन वाक्यं दिवसभर ऐकू येतात. "डोकं जड झालंय, सायनस भरलाय बहुतेक" आणि "छातीत कफ झालाय, काहीतरी स्ट्राँग द्या." तिसरं एक असतं जे ऐकून मला खरंच काळजी वाटते, "माका ती तीन गोळ्यांची पट्टी देवा, मागच्या वेळाक तेनीच बरा वाटला." ती पट्टी म्हणजे अॅझिथ्रोमायसिन, अँटिबायोटिक. मागच्या वेळी बरं वाटलं ते बहुतेक वेळा गोळीने नाही, आजाराचे दिवस भरत आले होते म्हणून वाटलं, पण मागे चार माणसं छत्र्या मिटत उभी असताना हे समजावून सांगता येत नाही, म्हणून इथे सगळं नीट लिहितेय.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. छातीला स्टेथोस्कोप लावायचं काम डॉक्टरांचंच. पण तिथे कधी जायचं, तोवर घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढं घरातल्या एकाला जरी पक्कं माहिती असलं तरी खूप फरक पडतो, विशेषतः आपल्याकडे, जिथे झाड आडवं पडून रस्ता बंद झाला की चार वाड्या पलीकडची पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) पण लांब होते.

आधी बघा, दुखणं नाकात आहे की छातीत

सायनस सगळ्यांनाच असतात. नाकाभोवती हाडांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, चार जोड्या, गालफडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि एक जोडी अगदी आत खोल. त्यात रोज थोडा पातळ शेंबूड तयार होतो आणि बारीक वाटेने नाकात उतरतो. सर्दीने किंवा अॅलर्जीने आतलं अस्तर सुजलं की ती वाट बंद होते, स्राव आत तुंबतो आणि मग गालफडं दुखणं, खाली वाकलं की कपाळावर दाब येणं, वरच्या दाढा ठणकणं, नाक चोंदणं, माशाच्या कालवणाचा पण वास न येणं हे सगळं सुरू होतं.

ब्राँकायटिसमध्ये सूज खाली असते, फुफ्फुसात जाणाऱ्या श्वासनळ्यांना. सुरुवात साध्या सर्दीसारखीच, मग कोरडा खोकला, मग दोन-चार दिवसांनी बेडका सुटायला लागतो, छातीच्या मधोमध खरवडल्यासारखं दुखतं, कधी श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते.

गोंधळ होतो तो एका गोष्टीने. सायनसमधला स्राव घशाच्या मागून खाली उतरतो आणि त्यानेपण खोकला येतो, आणि लोक छातीचं औषध घेत बसतात. ओळखायचं असं की आडवं झाल्यावर आणि सकाळी उठल्या उठल्या खोकला जास्त, सारखं घसा खाकरावासा वाटतो, दिवसा उभं असताना बरं, तर बऱ्याचदा मूळ नाकात असतं. तिथे कफ सिरपच्या बाटल्या रिकाम्या करून काही होत नाही, नाक साफ केलं की खोकला आपोआप उतरतो.

आणखी एक. दर महिन्याला "सायनसचं डोकं" दुखतं, एका बाजूला ठसठसतं, उजेड नको वाटतो, मळमळतं, पण नाक काही फारसं वाहत नाही, अशा बऱ्याच जणांना खरं तर मायग्रेन असतं. त्यांनी वर्षानुवर्षं सर्दीच्या गोळ्या खाण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना नीट विचारावं, कारण मायग्रेनचं औषध पूर्ण वेगळं आहे.

मग दिवस मोजा

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या दिवशी घसा खवखवायला लागला त्या तारखेवर खूण करा. माणसाला आजारात दिवस लक्षात राहत नाहीत, तिसऱ्या दिवशी येऊन लोक सांगतात "पंधरा दिवस झाले", आणि उलट महिनाभर खोकणारे आबा म्हणतात "कालपासूनच."

व्हायरसची सर्दी साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाईट असते आणि मग हळूहळू उतरते. सायनसचं बहुतेक दुखणं या व्हायरसमुळेच असतं, आणि मोठ्या माणसांत अशा सर्दीतून पुढे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होणारे शंभरात फार तर दोन. ब्राँकायटिसमध्येसुद्धा नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा कारण व्हायरसच. फक्त खोकला जायला वेळ लागतो, बाकी सगळं बरं झालं तरी तो सरासरी अडीच आठवडे, म्हणजे १८ दिवसांच्या आसपास रेंगाळतो. लोकांची अपेक्षा असते की आठवड्यात खोकला जावा, आणि आठव्या दिवशी गेला नाही की दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक, असं चालू होतं.

सायनसमध्ये बॅक्टेरियाचा संशय कधी घ्यायचा, तर तीन परिस्थितीत. १० दिवस होऊन गेले आणि काडीचाही फरक नाही. किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागलं होतं आणि परत ताप, परत दुखणं, आधीपेक्षा जास्त. किंवा सुरुवातीपासूनच १०२ फॅरेनहाइटच्या पुढे ताप आणि त्याबरोबर पू-सारखा शेंबूड नाहीतर गालफडाला तीव्र दुखणं, सलग तीन-चार दिवस. यातलं काही असेल तर डॉक्टर.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं हे जवळजवळ सगळेच धरून चालतात. तसं नाहीये. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यात एक हिरवट रंगाचं एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. साध्या व्हायरसच्या सर्दीतही चौथ्या दिवशी हिरवा शेंबूड येऊ शकतो. त्यामुळे रंगावरून अँटिबायोटिक ठरवू नका, दिवसांवरून आणि एकंदर माणसाकडे बघून ठरवतात ते.

अँटिबायोटिकबद्दल मनापासून सांगते

व्हायरसवर ते चालत नाही. साध्या ब्राँकायटिसमध्ये अँटिबायोटिक दिलं तर खोकला जेमतेम अर्धा दिवस आधी थांबतो, आणि त्या बदल्यात जुलाब, अॅसिडिटी, अंगावर पुरळ, आणि पुढे खरोखर न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू न पडण्याची भीती. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांना मी नाही म्हणते तेव्हा काही जण रागावतात, पुढच्या दुकानात जातात, तरी नाहीच म्हणते.

डॉक्टरांनी तपासून खरंच लिहून दिलं तर मात्र घ्या आणि सांगितल्याप्रमाणेच घ्या. बॅक्टेरियाच्या सायनसला साधारणपणे पहिली निवड अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह असते, मोठ्यांना बहुतेक पाच ते सात दिवस. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचं, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. क्लॅव्हची गोळी जेवायला सुरुवात करताना घेतली की पोटाला कमी त्रास होतो. आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जपून पुढच्या वर्षी शेजारच्या वहिनींना देऊ नका.

एक "पॉवरवालं इंजेक्शन" घेऊन यायची पण सवय असते. घेण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. ते स्टिरॉइड असेल तर डायबेटिसवाल्याची शुगर पुढचे काही दिवस चढलेली राहू शकते, आणि ज्याला दमा नाही त्याच्या साध्या ब्राँकायटिसला स्टिरॉइडची गरजच नसते.

घरी करायचं ते, पहिल्या दिवसापासून

सगळ्यात वर मी नाक धुण्याला ठेवेन. मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त आहे, परिणाम होतो, आणि जलनेतीच्या रूपाने आपल्याकडे माहितीचंही आहे. पण पाणी कुठलं हे फार महत्त्वाचं. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, आपण गाळून पितो आणि चालून जातं, पण प्यायचं पाणी आणि नाकात घालायचं पाणी हे एक नाही. पोटात गेलेले बरेच जंतू अॅसिडने मरतात, नाकातून मात्र थेट मेंदूजवळ वाट आहे. गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा याच वाटेने जातो, केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये त्याचे रुग्ण सापडले आणि काही दगावले. आजार दुर्मिळ आहे, घाबरून नाक धुणं बंद करू नका, फक्त पाणी उकळा. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, मग झाकून कोमट होऊ द्या. विहिरीचं, बोअरचं, नळाचं, कुठलंही पाणी असो, उकळल्याशिवाय नाकात नाही.

प्रमाण असं: एक लिटर पाण्याला सपाट दीड छोटा चमचा मीठ आणि दोन बोटांच्या चिमटीत येईल एवढा खायचा सोडा. बाजारचं जाडं मीठ नको, त्यात माती असते, पुड्यातलं बारीक मीठ घ्या. चव डोळ्यांतल्या पाण्याइतकी खारट लागली पाहिजे, झोंबलं तर मीठ कमी किंवा जास्त झालंय. मोरीवर वाका, डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत हळूहळू सोडा, खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. मग दुसरी बाजू. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा, दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर कानाला दडे बसतात. दिवसातून दोनदा पुरे. नेतीचं भांडं किंवा बाटली उकळत्या पाण्याने धुऊन उलटी घालून पूर्ण वाळवायची, आपल्या हवेत हे अवघड आहे तरी करायचं, ओली राहिली की आत बुळबुळीत थर धरतो. कान फुटलेला असेल किंवा नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर विचारल्याशिवाय करू नका.

वाफेबद्दल सगळे विचारतात. वाफेने व्हायरस मरत नाही, आजार लवकर बरा होतो असंही नाही, पण थोडा वेळ नाक मोकळं वाटतं हे खरं आणि तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. घेताना पातेलं ओट्यावर किंवा टेबलावर स्थिर ठेवा, मांडीत घेऊन चादरीत शिरायचं नाही. लहान मुलांना तर पातेल्याजवळ नेऊच नका, पाणी सांडून भाजलेली मुलं दर पावसाळ्यात दवाखान्यात येतात आणि ते भाजणं सर्दीपेक्षा कितीतरी वाईट असतं.

नाकात मारायचे स्प्रे दोन प्रकारचे, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक लगेच नाक उघडणारे, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, म्हणजे ओट्रिव्हिन, नॅझिव्हिऑन वगैरे. पाच मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणूनच धोका. तीन दिवस, फार तर पाच, त्याहून जास्त वापरले तर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस परत मारतो, वर्षभर खिशात बाटली घेऊन फिरणारे लोक मला माहिती आहेत. दुसरे स्टिरॉइडचे, फ्लुटिकासोन, मोमेटासोन. हे लगेच काही करत नाहीत, नीट गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून लोक दोन दिवसांत "काय उपयोग नाही" म्हणून फेकतात. अॅलर्जी आणि जुन्या सायनसला हेच खरं औषध आहे, रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे स्टिरॉइड शब्दाला घाबरायचं कारण नाही, पण सुरू डॉक्टरांनी करायचं. मारायची पद्धत: मान किंचित पुढे, मागे नाही. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं. नाक आधी धुऊन घ्या, मग स्प्रे, आणि जोरात वर ओढू नका, नाहीतर सगळं घशात.

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० ची गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. पण इथे एक गंमत नसलेली गोष्ट आहे, सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे वर वेगळी डोलो-क्रोसिन घेतली की डबल डोस होतो, लिव्हरवर येतं, दारू रोजची असेल तर आणखीच. पट्टीच्या मागे लिहिलेलं वाचा नाहीतर आम्हाला विचारा, विचारायचे पैसे लागत नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक पावसातल्या तापात स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण तो ताप डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो.

सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते. रात्री होडीवर जाणाऱ्याने किंवा घाटात गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊन कामावर जाऊ नये. वय झालेल्या पुरुषांना, ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांची या गोळ्यांनी लघवी अडकू शकते, हे फारसं कोणी सांगत नाही. बीपीवाल्यांनी पण नाक उघडणाऱ्या गोळ्या विचारूनच घ्यायच्या.

खाण्यापिण्याचं आपल्याकडे उत्तमच आहे. गरम पेज मीठ घालून, कुळथाची पिठी, आल्याचा चहा. पाणी पोटात गेलं की कफ पातळ राहतो. झोपताना चमचाभर मध घेतला तर रात्रीचा खोकला कमी होतो, बऱ्याच सिरपांइतकाच चांगला, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचाही नाही. अडुळशाचा काढा घरोघरी करतात, आणि अडुळशाला मान द्यायला हरकत नाही कारण कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध त्यातल्याच द्रव्यावरून तयार केलेलं आहे. पण दिवसातून चार वेळा मिरी-सुंठ-लवंग घालून तिखट काढा प्यायला की अॅसिडिटी होते, आणि घशाशी येणाऱ्या अॅसिडने परत खोकलाच वाढतो. ज्येष्ठमध सतत चघळला तर बीपी वाढतं, बीपीवाल्या आजी-आजोबांना सांगून ठेवा.

लहान मुलांचं वेगळं

पाच वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप आपल्या मनाने देऊ नका, दोन वर्षांखाली तर नाहीच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे कफ सिरपमधल्या विषारी द्रव्याने किडन्या निकामी होऊन लहान मुलं गेली, त्यानंतर केंद्र सरकारने हेच परत बजावलं. मोठ्या भावाचं उरलेलं सिरप धाकट्याला अर्ध्या चमच्याने द्यायचं, हे तर आजच बंद करा. बाळाचं नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्याआधी घाला, एवढं पुरतं.

बाळाच्या नाकात खोबरेल तेल सोडायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. आजी प्रेमानेच करते, पण ते तेल श्वासावाटे फुफ्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनियासारखी सूज करतं, औषधाला दाद न देणारी. डोक्याला लावा, अंगाला चोळा, नाकात नाही. कापराचं काही नाकाजवळ लावणं पण बाळांना नको.

आणि श्वास मोजायला शिका, अगदी सोपं आहे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, दूध ओढत नाहीये, तर वाट बघायची नाही, निघायचं.

कधी थांबायचं नाही

मोठ्यांमध्ये: बसल्या जागी धाप, एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर, बेडक्यात रक्त, छातीत एका बाजूला श्वासाबरोबर कळ, थंडी वाजून ताप आणि वयस्कर माणसाचं बरळणं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर नवीन सेल घालून ठेवा, बोट गरम करून लावा, नेहमी चांगलं असणाऱ्या माणसाचं ९४ च्या खाली दिसत राहिलं तर दवाखाना.

नाकाच्या बाजूचं: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, दोन-दोन दिसणं, डोळा पुढे आल्यासारखा, कपाळावर मऊ सूज, मान ताठणं, असह्य डोकेदुखी. सायनसच्या एका बाजूला डोळा आणि वरती मेंदू, मधे पातळ हाड, म्हणून ही इमर्जन्सी. डायबेटिसवाल्याच्या नाकात काळी खपली, गाल बधिर, टाळूवर काळा डाग असं काही दिसलं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, काय केलं ते आठवत असेलच.

पावसात तापाबरोबर पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल झालेत आणि माणूस आठवडा-पंधरा दिवसांत लावणीच्या चिखलात उतरला होता, तर खोकला असला तरी ब्राँकायटिस समजून बसू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो आणि त्याला लवकर औषध लागतं.

१०८ ला फोन लावा आणि शक्य असेल तर अंधार पडायच्या आत निघा. पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय अशी साखळी आहे, राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशासाठी घरी थांबू नका.

दोन आठवड्यांच्या पुढचा खोकला

वर म्हटलं की साधा खोकलाही अडीच-तीन आठवडे टिकतो, मग घाबरायचं कधी? आपल्या देशात टीबी आहे, म्हणून इथला नियम असा की दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून टाकायची, आणि त्यात ताप, रात्री घाम, वजन उतरणं यातलं काही असेल तर अजिबात टाळायची नाही. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधं फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. लोक काय म्हणतील म्हणून वाडीतल्या वाडीत लपवलेला टीबी घरातल्या पोरांना होतो. निगेटिव्ह आला तर निश्चिंत व्हाल, पॉझिटिव्ह आला तर तो पूर्ण बरा होणारा आजार आहे.

बाकी लांबलेल्या खोकल्याची कारणंही बघा: दमा, अॅसिडिटी, अॅलर्जी, आणि बीपीची गोळी. ज्या बीपीच्या औषधाच्या नावाचा शेवट "प्रिल" असा होतो, रामिप्रिल, एनालाप्रिल, त्याने काही जणांना महिनोन् महिने कोरडा खोकला येतो. गोळी स्वतः बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची.

परत परत होतं त्याचं कारण घरातच असतं बऱ्याचदा

जून ते सप्टेंबर आपल्या भिंती ओलावतात, कपाटामागे काळी-हिरवी बुरशी धरते, गाद्या दमट होतात, कपडे माजघरात दोरीवर दोन-दोन दिवस. या बुरशीची अॅलर्जी असलेल्या माणसाचं नाक चार महिने सुजलेलंच राहतं, त्यावर एक साधी सर्दी झाली की सायनस भरलाच. भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढा, बुरशी कोरडी झाडू नका, तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने ओली पुसा, खोलीत आजारी माणूस असताना नाही. उघडीप मिळाली की पहिल्यांदा उशा-गोधड्या उन्हात, बाकी कामं नंतर. कौलं गळत असतील तर ते मे महिन्यात बघायचं, औषधावर होणारा खर्च तिकडे लावा.

धूर. स्वयंपाकाला गॅस आला पण न्हाणीची चूल बहुतेक घरांत चालूच आहे, चुडतं (सुक्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, आणि पावसात ती ओली म्हणून धूर दुप्पट. श्वासनळ्यांच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात, ते कफ वर ढकलत असतात, रोजच्या धुराने तेच लुळे पडतात. जिने कधी विडी ओढली नाही अशा काकीला साठीत धाप का लागते, तर चाळीस वर्षं ती चुलीसमोर बसली म्हणून. मशेरी भाजताना निघणारा धूर तर तंबाखूचाच, आणि तो घरातलं लहान मूल पण घेतं. सरपण पाऊस सुरू व्हायच्या आत कोरड्या जागी रचणं, न्हाणीला धुराडं काढणं, जमेल तिथे सोलर किंवा गॅसवर पाणी, आणि मशेरी सोडणं. काजूच्या कारखान्यात, चिरेखाणीवर, आंब्याच्या फवारणीवर काम करणाऱ्यांनी रुमालावर भागवू नये, चांगल्या प्रतीचा एन-९५ मास्क लावावा, आणि फवारणीला तर त्या वाफांसाठीचा वेगळा फिल्टरवाला मास्क लागतो.

वर्षातून तीन महिने बेडक्याचा खोकला आणि असं सलग दोन वर्षं, तर तो क्रॉनिक ब्राँकायटिस. त्याला फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री करून घ्यायची. इन्हेलर दिला तर "सवय लागते" म्हणून सोडू नका, सवय लागत नाही, गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध थेट लागतं तिथे पोचतं. दाबायचा पंप असेल तर तो हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट लावा, दाबतानाच सावकाश आत ओढा, दहापर्यंत मोजून धरा. स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर म्हाताऱ्या माणसांना फार सोपं जातं. विडी-सिगारेट सोडल्याशिवाय मात्र यातलं काहीच पुरं पडत नाही. साठीच्या पुढच्यांनी, दमा-डायबेटिसवाल्यांनी दरवर्षीची फ्लूची लस पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्यावी, गणपतीत मुंबईहून घर भरतं तेव्हा एकाची सर्दी सगळ्यांना होते. न्यूमोनियाच्या लशीचंही त्याच वेळी विचारा.

सायनस १२ आठवड्यांच्या पुढे गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञच. साध्या एक्स-रेने फारसं कळत नाही, दुर्बिणीने बघतात, लागला तर सीटी स्कॅन. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर आधी वरची दाढ तपासून घ्या, किडलेल्या दाढेचं मूळ सायनसच्या तळाला लागून असतं. नाकात मांस वाढलंय किंवा पडदा वाकडा आहे म्हणून लगेच ऑपरेशन असं नसतं, आधी नाक धुणं आणि स्प्रे काही आठवडे नीट करून बघतात, नाहीच उतरलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन.

डॉक्टरकडे जाताना

कॅलेंडरवरची तारीख, ताप किती आला त्याचे आकडे, आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घाला. "लाल गोळी घेतली" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. गरोदर असाल, दूध पाजत असाल, किडनीचा त्रास असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. लिहून दिलेल्यात अँटिबायोटिक आहे का, कशासाठी, किती दिवस, आणि किती दिवसांत बरं वाटलं नाही तर परत यायचं, हे तिथेच विचारा, यात अपमान वगैरे काही नसतो. इन्हेलर चालू असेल तर तोही बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा, पद्धत चुकत असेल तर तिथल्या तिथे सुधारून मिळते.